मी हात लावला की वाजतं, लोकांनी लावला की नाही: स्पर्शाने बोलणाऱ्या भिंतीचं नेहमीचं दुखणं

गणपतीच्या आधीचा पंधरवडा आणि कॉलेज फेस्टिव्हलचा मोसम, या दोन्ही वेळी ही तक्रार हमखास येते. भिंतीवर किंवा प्लायवर चित्र काढलेलं असतं. त्यात वाहक शाई नाहीतर तांब्याची पट्टी, मागे स्पर्श ओळखणारी चिप आणि कोड चालवणारा छोटा बोर्ड, बाजूला स्पीकर. चित्राला हात लावला की तारपा वाजावा, पक्षी ओरडावा, दिवा लागावा, एवढीच अपेक्षा. घरी सगळं झकास चालतं. मांडवात नेलं की एक तर कुणी हात न लावता वाजत सुटतं, नाहीतर दहा जणांनी हात लावून झाला तरी ढिम्म. आणि ज्याने ते बनवलं तो येऊन हात लावतो, तेव्हा मात्र नेमकं वाजतं. कार्यकर्ते म्हणतात, "दादा, तुमच्याच हाताला गुण आहे."

यावर पहिला सल्ला मिळतो तो सेन्सर बदलण्याचा, दुसरा कोडमधला आकडा कमी-जास्त करण्याचा. दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. माझ्या पाहण्यात या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: बोर्डाचा ग्राउंड, म्हणजे त्याच्या सप्लायची वजा बाजू, कशाच्या आधाराने उभा आहे हे कुणी तपासलेलंच नसतं. त्यात मुंबईची दमट हवा आणि मांडवातली तात्पुरती वायरिंग यांची भर पडते. मग बिचाऱ्या कोडला बोल लागतो.

पुढचं सगळं एमपीआर१२१ ही १२ स्पर्शबिंदूंची चिप किंवा ईएसपी३२ या बोर्डाचे स्पर्शाचे पिन वापरणाऱ्यांसाठी आहे. मेकी मेकी या तयार किटचं तत्त्व निराळं, त्याच्याबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलंय.

हाताचा गुण कुठून येतो

चिप पट्टीवर अगदी थोडा विद्युतभार ढकलते आणि पट्टी किती भरली ते मोजते. बोट जवळ आलं की पट्टीची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, काही पिकोफॅरडनी (हे तिचं माप) वाढते. ही वाढ म्हणजेच आपला 'स्पर्श'. पण ती नीट दिसायची तर फेरा पूर्ण व्हावा लागतो: पट्टीतून बोटात, बोटातून अंगात, अंगातून जमिनीत आणि जमिनीतून परत बोर्डाच्या ग्राउंडला. माणूस आणि जमीन यांच्यातली धारकता ढोबळमानाने १०० पिकोफॅरड धरतात. स्थिर विजेच्या चाचण्यांमध्ये माणसाच्या जागी हाच आकडा वापरतात. म्हणजे तिथवर अडचण नाही. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. पॉवर बँकेवर लटकलेला तळहाताएवढा बोर्ड जमिनीशी जवळपास जोडलेलाच नसतो. आणि धारकता एकापुढे एक अशा लागल्या की एकूण धारकता त्यातल्या सगळ्यात लहानापेक्षाही लहान येते. त्यामुळे बोट कितीही दाबून धरलं तरी चिपला ते पुसटच दिसतं.

आता घरी काय होतं ते बघा. लॅपटॉप समोर, डावं मनगट त्याच्या धातूच्या कडेवर टेकलेलं, नजर स्क्रीनवर, आणि उजव्या हाताने चित्राला स्पर्श. यूएसबी केबलमधून बोर्डाचा ग्राउंड लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत आलेला आहे आणि तुमचं मनगट त्याच बॉडीवर आहे. म्हणजे जमिनीचा वळसा घ्यायची गरजच उरली नाही, फेरा तुमच्या अंगातूनच पूर्ण झाला. चिपला असा दणदणीत स्पर्श दिसतो की तुम्ही खुशीत येऊन उंबरठ्याचा आकडा, म्हणजे किती बदल झाला की 'स्पर्श' धरायचा तो, त्यावरच बेतता. बघायला येणारा माणूस लॅपटॉपला हात लावत नाही. त्याच्या पायात जाड तळव्यांचे बूट असतात आणि तो लाकडी प्लॅटफॉर्मवर उभा असतो.

तेव्हा पहिली चाचणी, जिला पैसा लागत नाही. लॅपटॉपपासून लांब उभे राहा, पायात चपला असू द्या, दुसरा हात कशालाही टेकवू नका आणि चित्राला हात लावा. चिपने मोजलेला आकडा (तो कसा वाचायचा ते पुढच्या भागात) दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. मग चपला काढून तेच करा. मग एक हात लॅपटॉपच्या धातूवर ठेवून. लॅपटॉप प्लॅस्टिकचा असेल तर यूएसबी केबलच्या धातूच्या तोंडाला बोट लावलं तरी चालतं. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात मोठी तफावत निघाली तर निदान झालं. सेन्सर शाबूत आहे, ग्राउंड लटकतोय.

मूर्तीजवळ लोक चपला काढून येतात, त्यामुळे तिथली भिंत बरी चालते आणि प्रवेशद्वाराजवळ लावलेली तिचीच जुळी बहीण मुकी राहते. याच कारणाने मांडवात जमलेलं काम पुढे काळा घोड्याच्या रस्त्यावर नेल्यावर रुसतं. तिथे सगळेच बूट घालून फिरतात.

आलेख काढा, मगच हात घाला

फक्त 'स्पर्श झाला' किंवा 'नाही' एवढंच छापणारा कोड निदानाच्या कामाचा नाही. कच्चे आकडे हवेत. एमपीआर१२१ मध्ये प्रत्येक बिंदूची आत्ताची पातळी आणि तिची आधाररेषा, म्हणजे हात नसतानाची नेहमीची पातळी, असे दोन आकडे वाचता येतात. हात लावला की पातळी आधाररेषेच्या खाली जाते आणि दोन्हींतला फरक हेच आपलं माप. मूळच्या ईएसपी३२ मध्येही स्पर्श झाला की आकडा घसरतो, पण एस२ आणि एस३ या पुढच्या भावंडांमध्ये तो चढतो. जुना कोड नव्या बोर्डावर जसाच्या तसा चढवला की भिंत नेमकी उलटी वागते, कारण हेच. अर्डुइनोच्या सीरियल प्लॉटरवर, म्हणजे आलेख काढणाऱ्या खिडकीत, हे आकडे सोडा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा.

सगळी रेघ हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल तर ओल किंवा तापमान. रेघ सरळ आहे पण गवत उगवल्यासारखी जाडसर दिसते, तर सप्लायमधला गोंगाट. कुणी हात लावत नाही तोवर रेघ स्वच्छ आणि हात लावल्याबरोबर थयथयाट, तर ॲडॉप्टरवर संशय घ्या. हलक्या चार्जरवर लावलेला फोन चार्जिंग चालू असताना टाइप करू देत नाही, भलतीच अक्षरं उमटतात, तो प्रकार आणि हा प्रकार एकच. सगळे बिंदू एकाच क्षणी मिळून उडी मारत असतील तर सप्लायचं व्होल्टेज खाली बसतंय. आणि फक्त शेजारशेजारचे दोन बिंदू जोडीने हलत असतील तर त्यांच्या वायरी एकत्र बांधल्यात किंवा मधली जागा ओली आहे.

आता लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर पुन्हा बघा. गोंगाट गेला तर चार्जर दोषी. गोंगाट गेला पण स्पर्शही दुबळा झाला तर चार्जर दोषी होता आणि तोच थोडाफार आधारही देत होता. मुंबईत ही दुसरी जात जास्त भेटते.

मांडवातलं अर्थिंग

मांडवातल्या एक्स्टेंशन बोर्डाला तीन भोकं असतात, पण तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. कधी मधल्या कुठल्या तरी जोडाला दोनच तारा पुढे नेलेल्या असतात. टेस्टरने हे कळत नाही, टेस्टर फक्त फेज दाखवतो. मंडळाच्या वायरमनला मल्टिमीटर लावून बघायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट, असं आलं तर ठीक. फेज आणि अर्थमध्ये अर्धवट, डगमगता आकडा आला तर अर्थचा पिन हवेत लटकतोय असं समजा. मांडव जनरेटरवर असेल तर हिशेब आणखी वेगळा, तिथे अर्थिंग कुठे आणि कसं दिलंय हे जनरेटरवाल्यालाच विचारावं लागतं. हलत्या देखाव्यांची परंपरा असलेल्या मंडळांत यातलं जाणणारा एक जुना वायरमन असतोच. त्याला आधी शोधा, चहा पाजा, मग बाकीचं.

सॉकेट चांगलं निघालं म्हणून बोर्डाला अर्थ मिळालं असं होत नाही. बाजारातले ५ व्होल्टचे बहुतेक ॲडॉप्टर दोन पिनचे. त्यांच्या आत फेज-न्यूट्रलच्या बाजूपासून ५ व्होल्टच्या बाजूपर्यंत एक छोटा फिल्टर कपॅसिटर असतो आणि त्यातून किंचित गळती होत राहते. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप दोन पिनच्या चार्जरवर असताना कडेवरून बोट हलकेच फिरवलं की खरखरीत लागतं, ते यामुळेच. चांगल्या ॲडॉप्टरमध्ये ही गळती निरुपद्रवी असते, पण पिकोफॅरड मोजणाऱ्या चिपला ती प्रचंड वाटते.

इलाज असा की तीन पिनचा, नीट मार्कचा सप्लाय घ्या आणि तो सॉकेटमधून काढलेला असताना मल्टिमीटर बीपवर ठेवून त्याचा अर्थ पिन आणि बाहेरची वजा तार जोडलेली आहे का ते बघा. बीप आला तर काम फत्ते. नाही आला तर बोर्डाच्या ग्राउंडपासून तपासलेल्या अर्थपर्यंत एक वेगळी वायर वायरमनकडूनच ओढून घ्या. न्यूट्रलला 'तेच ते' म्हणून जोडण्याचा उद्योग कुणीही करू नये, प्लग उलटा बसला की तीच तार फेज होते. नळाचा पाइप, मांडवाचा लोखंडी खांब, बांबूला गुंडाळलेली तार, यातलं काहीच अर्थिंग म्हणून चालत नाही.

इथेच सांगतो, कारण आपण लोकांना मुद्दाम हात लावायला बोलावतोय. चित्राला हात लावल्यावर कुणालाही झिणझिण्या आल्या तर ते गळतीचं आहे की शॉकचं, याचा अंदाज बांधत बसू नका. मेन बंद करा. ज्या लाइनवर ही भिंत आहे त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच, जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतील. तो नसेल तर भिंत पॉवर बँकेवरच चालवा.

अर्थिंग मिळतच नसेल तर

अशा वेळी जमिनीलाच बोर्डाजवळ आणायचं. प्रेक्षक जिथे उभे राहतात तिथे खाली जाड प्लॅस्टिक शीट, त्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल दोन-तीन पट्ट्यांत, एकमेकींवर चांगली दुमडून, आणि वर सतरंजी किंवा कार्पेट. फॉइलला एक वायर स्क्रू आणि वॉशरने घट्ट आवळा, ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. ती वायर बोर्डाच्या ग्राउंडला. आता माणूस सतरंजीवर उभा राहिला की त्याचे तळवे आणि फॉइल यांच्यामध्येच धारकता तयार होते आणि फेरा पायांतून पूर्ण होतो. जमीन, अर्थिंग, कशाचीच गरज नाही. बूट घातले असले तरी फरक जाणवतो, अनवाणी असतील तर उत्तमच. आलेखावर उडी किती वाढली ते लगेच दिसतं.

एक अट आहे. हा उपाय पॉवर बँकेवर चालणाऱ्या सर्किटलाच. दोन पिनच्या ॲडॉप्टरची वजा तार लोकांच्या पायांखाली पसरायची नाही, आणि पावसाचं पाणी मांडवात शिरत असेल तर सतरंजी आणि फॉइल दोन्ही उचलून ठेवायची. शिवाय बऱ्याच पॉवर बँका लोड फार कमी असला की आपोआप बंद पडतात. बोर्ड दर थोड्या वेळाने मरतोय असं वाटलं तर आधी पॉवर बँकेचा दिवा बघा. दोन-चार एलईडी कायम पेटते ठेवले की ती जागी राहते.

हवेचं काय करायचं

ऑगस्ट-सप्टेंबरात मुंबईतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणं ही रोजची गोष्ट. हातकागद, पुठ्ठा, साधा प्लाय हे सगळे ओल पितात. सकाळी जुळवलेली आधाररेषा संध्याकाळी एक सर येऊन गेली की भलतीकडे असते. एमपीआर१२१ स्वतःहून आधाररेषा सरकवत राहते, त्यामुळे हळू बदल ती पचवते. तिला न पचणाऱ्या गोष्टी दोन. भिंतीला कुणी बराच वेळ सैलसर टेकून उभं राहिलं आणि तो स्पर्श उंबरठ्याखाली राहिला, तर ती त्यालाच नेहमीची स्थिती समजून बसते. आणि सुरू होतानाच कुणी चिकटून उभं असेल, तर तेव्हाची आधाररेषा पहिल्यापासूनच खोटी. म्हणून स्विच टाकताना भिंतीपासून हातभर अंतरावर कुणी नको. गर्दीत हे सांगणं सोपं, करणं अवघड. तेव्हा आरतीच्या वेळी सगळे मूर्तीकडे तोंड करून असतात तो क्षण बोर्ड रीसेट करायला सगळ्यात चांगला.

ईएसपी३२ मध्ये आधाररेषेची जबाबदारी तुमची. हात नसताना चालती सरासरी ठेवा, हात असताना ती गोठवा आणि उंबरठा ठरावीक आकड्यात न मांडता त्या सरासरीच्या टक्केवारीत मांडा. 'लागला' आणि 'सुटला' यांचे उंबरठे वेगळे हवेत. ॲडाफ्रूटच्या एमपीआर१२१ लायब्ररीत हे मुळात १२ आणि ६ असे असतात, त्याच हिशेबाने ईएसपी३२ मध्येही दुसरा पहिल्याच्या निम्मा ठेवा. मांडवात मी आधी १२ तसाच ठेवतो, ग्राउंड सुधारतो आणि मगच त्याला हात लावतो. उलट क्रमाने गेलात की उंबरठा इतका खाली येतो की शेजारून जाणाऱ्या माणसावरही भिंत वाजते.

आणखी एक गोष्ट बाहेरदेशीच्या शिकवण्यांमध्ये आपल्या उपयोगाची नसते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. विजेचा गुणगुणाट सरासरीने घालवायचा तर ती सरासरी एका पूर्ण आवर्तनाची हवी, म्हणजे आपल्याकडे २० मिलिसेकंदांची किंवा तिच्या पटीतली. तिकडचा १६-१७ मिलिसेकंदांचा हिशेब तसाच उचलला की गुणगुणाट थोडा उरतोच. हे बदलायला कोडमध्ये एकच ओळ लागते.

चित्राकडेही बघा

चित्रकार आणि सर्किटवाला वेगवेगळे असले की दोष नेहमी सर्किटवाल्यावर येतो. पण कधी बिघाड खरंच चित्रात असतो. वारलीचंच उदाहरण घ्या, कारण स्पर्शाच्या भिंतींसाठी मुंबईत सगळ्यात जास्त तीच उचलली जाते: गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्या, तारपा वाजवणारा मध्ये आणि नाचणाऱ्यांचा फेर त्याच्याभोवती. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कंबर म्हणजे एक बिंदू. वाहक शाईने आकृती काढली की तिचा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात नाजूक भाग तोच. प्लाय दमटपणाने जरा फुगला, की शाईला पहिली चीर तिथे पडते. मग खालच्या त्रिकोणाला हात लावला की वाजतं आणि डोक्याला, हातांना लावला तर नाही, किंवा याच्या उलट. वायर ज्या बाजूला जोडली असेल ती बाजू जिवंत. डोळ्यांना काहीच दिसत नाही, वर पांढरा रंग असतो. मल्टिमीटरने डोक्यापासून पायापर्यंत रोध मोजला की लगेच कळतं. कार्बनच्या शाईत काही शे ते काही हजार ओहम येणं चालतं, अनंत आला तर कंबर तुटली. पुढच्या वेळी आकृतीखाली, मधोमध, एक तांब्याची पट्टी आधीच चिकटवून घ्या आणि तिच्यावर शाई काढा. शैलीला धक्का लागत नाही, कंबरही टिकते.

तांब्याच्या पट्टीचाही एक खोडा आहे. स्वस्त पट्टीचा गोंद वीज वाहून नेत नाही. वळणावर एका पट्टीवर दुसरी नुसती चिकटवली की जोड दिसायला पक्का आणि विजेच्या दृष्टीने तुटका. दाबलं की लागतो, सोडलं की सुटतो. प्रत्येक जोडाला सोल्डरचा एक थेंब द्या. चौपाटीच्या जवळपास मांडव असेल तर उघडं तांबं खाऱ्या हवेने लवकर काळपट-हिरवं पडतं, त्यामुळे पट्टीवर वार्निशचा हात मारून ठेवा.

आणि कार्बनची शाई पाण्यात विरघळणारी असते हे विसरू नका. घामट हातांनी शेकडो लोकांनी तिला स्पर्श केला की ती पुसली जाते, शिवाय घामातलं मीठ दोन आकृत्यांमध्ये पातळ पूल बांधतं आणि एकीला हात लावला की दोघी वाजतात. या प्रकारच्या सेन्सरला त्वचेचा थेट स्पर्श लागतच नाही. शाई पूर्ण सुकल्यावर वर ॲक्रिलिक रंग आणि त्यावर वार्निश, किंवा थेट दोन मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट लावली तरी बोट कळतं. चित्रही वाचतं, रोज रात्री ओल्या फडक्याने पुसताही येतं.

वायरी, दिवे आणि बाकीचे उपद्रव

आकृतीपासून चिपपर्यंतची वायर हीसुद्धा एक स्पर्शपट्टीच असते. भिंतीमागे दोन-तीन मीटर वायरी सोडल्या आणि त्यांच्याजवळून पंख्याची केबल गेली किंवा कार्यकर्ता सरकला, तरी भिंत वाजणार. शील्डची केबल हा उपाय वाटतो, पण कोॲक्स केबलची स्वतःचीच धारकता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, त्यात बोटाचे दोन-चार पिकोफॅरड बुडून जातात. त्यापेक्षा चिप आणि बोर्ड दोन्ही चित्राच्या पाठीवरच ठोका, वायरी वीतभर ठेवा, एकत्र बांधू नका, आणि लांब न्यायचं ते फक्त यूएसबी. तीही ५ मीटरच्या आत. चिप भिंतीवर आणि बोर्ड टेबलावर असं करून मधली आय-टू-सी लाइन, म्हणजे चिप आणि बोर्ड ज्या दोन तारांवरून बोलतात ती, लांबवू नका, ती बोर्डाच्या आतल्या आत बोलण्यासाठी बनलेली आहे. वाय-फायवर आवाज सुरू करण्याचा बेत असेल तर गर्दीच्या रात्री हजारो फोनच्या शेजारात तो टिकत नाही.

रंगीत एलईडीची पट्टी असेल तर तिला वेगळा सप्लाय द्या. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की जवळपास ६० मिलिअँपिअर खेचतो. मीटरला ६० एलईडी असलेल्या ५ मीटरच्या पट्टीत ३०० झाले, म्हणजे १८ अँपिअर. स्पर्श झाला, पट्टी पांढरी लखलखली, ५ व्होल्ट खाली बसले, सगळ्या बिंदूंनी मिळून उडी मारली, म्हणून पुन्हा सगळं वाजलं, म्हणून पुन्हा पट्टी लखलखली. भिंत वेड्यासारखी वाजत सुटते ती यामुळे. सप्लाय वेगळे करा, ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा, आणि चमक निम्म्यावर आणा. मांडवात तेवढीही डोळे दिपवते.

स्पर्शाऐवजी कंपन टिपणारी पिझोची चकती लावून ठोका ओळखणारे काही जण असतात. बाहेर ढोल-ताशा सुरू झाला की त्यांची भिंतही त्यात सामील होते, त्यावर कोडने फारसा इलाज होत नाही. किनेक्टसारखा खोलीमापक कॅमेरा लावणाऱ्यांनी दिवसाचं ऊन आणि मांडवातले हॅलोजन टाळावेत. तो इन्फ्रारेडवर चालतो आणि या दोन्हींतून इन्फ्रारेडचा पूर येतो.

मेकी मेकीवाल्यांसाठी

२०१२ साली आलेलं हे खेळणं धारकता मोजत नाही, रोध मोजतं. त्यामुळे माणसाने एका हातात अर्थची वायर धरलेली असावीच लागते किंवा दोघांनी हात धरून फेरा पूर्ण करावा लागतो. मांडवात ती वायर कुणी धरत नाही, म्हणून 'बंद पडलंय' अशी बोंब उठते. अर्थची एक रुंद पट्टी चित्राच्या चौकटीसारखी खाली लावा, म्हणजे लोक एका हाताने तिच्यावर रेलतात आणि दुसऱ्याने खेळतात. त्यात २२ मेगओहमचे रोध बसवलेले आहेत, इतकी ती संवेदनशील आहे, आणि पावसाळ्यात ओलसर पुठ्ठासुद्धा तेवढी वीज जाऊ देतो. कळ अडकल्यासारखी सतत वाजत असेल तर पुठ्ठा काढून खाली ॲक्रिलिक किंवा सनमायका घाला.

सगळं करूनही एकच चित्र हट्टाला पेटलं तर

मग चिपजवळच्या दोन वायरींची अदलाबदल करा: रुसलेल्या चित्राची वायर चांगल्या बिंदूवर, चांगल्याची रुसलेल्यावर. रोग चित्राबरोबर गेला तर वायर, जोड किंवा शाई. रोग चिपच्या त्याच पिनवर राहिला तर चिपचा तो बिंदू गेला. १२ पैकी एखादा बिंदू मोकळा असेल तर तिकडे वळवा आणि कोडमध्ये क्रमांक बदला. मोकळा नसेल तरच नवी चिप. ती ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं वाचायला मिळेल. विकत घेताना पत्ता बदलायचा पिन बाहेर काढलेला बोर्ड मागा, म्हणजे पुढेमागे आय-टू-सीच्या त्याच दोन तारांवर चारपर्यंत चिपा लावता येतात. आणि ही अदलाबदलीची चाचणी शनिवारी संध्याकाळच्या आत उरका, रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.